निमाताईंची उत्तरं

निमाताई देवपुजारींना कोणी लागेल असं बोललं, की त्या आधी चष्मा काढून पदरानं पुसायच्या. चष्मा स्वच्छच असायचा, पण तेवढा वेळ त्यांना लागायचा. मग तो पुन्हा डोळ्यांवर चढवून त्या असं काही बोलायच्या, की समोरचा स्वतःच हसायला लागायचा आणि आपण कशावरून चिडलो होतो ते विसरून जायचा. जबलपूरच्या आमच्या मुलींच्या शाळेत मी चित्रकला शिकवायला लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात शिपायानं मला बजावलं होतं, "देवपुजारी मॅडम से बहस मत करना, दीदी. हारोगी भी और हँसोगी भी."

त्या भूगोल शिकवायच्या. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी वर्गातल्या एका मुलीला विचारलं, "बताओ, नर्मदा किस दिशा में बहती है?" पोरगी घाबरून म्हणाली, "सर, उलटी." साहेबांनी भुवया चढवून निमाताईंकडे पाहिलं. निमाताई शांतपणे म्हणाल्या, "सर, सीधी तो बाकी सब बहती हैं. इसीलिए तो इसका पाठ अलग है." साहेब हसले, मुलीला पैकीच्या पैकी मार्क मिळाले. मधल्या सुट्टीत त्या मुलीला बोलावून निमाताईंनी तिच्याकडून 'पश्चिम' हा शब्द दहा वेळा म्हणवून घेतला, ते मात्र कोणी पाहिलं नाही. मी पाहिलं.

हिंदी शाळेतल्या आम्ही तिघी मराठी. निमाताई, मी आणि संस्कृतच्या सुधाताई साठे. सुधाताईंचं माहेर पुण्याचं, सासर इथल्या दीक्षितपुऱ्यातलं, पाच-सहा पिढ्यांचं जुनं. निमाताईंचे वडील वर्ध्याहून नोकरीसाठी आलेले. दोघींचं वय एकच, एकमेकींना 'अगंतुगं'. मी दहा वर्षांनी लहान, म्हणून दोघींनाही 'ताई' आणि 'तुम्ही'. रोज मधल्या सुट्टीत आमचे तीन डबे एकत्र उघडायचे आणि रोज एकदा तरी सुधाताई निमाताईंचं मराठी दुरुस्त करायच्या.

"काहून नाही गं, 'का'. आणि 'करून राहिली' काय? 'करते आहे' म्हण."

"तू 'करते आहेस' तोवर माझं करून होते, सुधे," निमाताई म्हणायच्या, आणि सुधाताईंच्या डब्यातली लोणच्याची फोड उचलायच्या.

अशी सत्तावीस वर्षं गेली.

निवृत्तीनंतर दीडएक वर्षानं निमाताईंच्या नागपूरच्या भाचीनं त्यांना ब्लॉग सुरू करून दिला. ब्लॉगचे ते दिवस होते. त्यांनी त्याचं नाव ठेवलं, 'काहून बरं?' सुधाताईंनी कपाळाला हात लावला. पण ब्लॉग चालला. जबलपूरच्या मराठी घरांमधलं जगणं त्या लिहायच्या : पुरणपोळीला 'मीठी रोटी' म्हणणारा जावई, घरात मराठी बोला म्हटलं की 'ठीक है, बोलूँगा' म्हणणारा मुलगा, हळदीकुंकवाला बोलावल्यावर नवऱ्यालाही घेऊन येणारी शेजारीण. इथल्या मराठी मंडळातल्या लोकांनी एकमेकांना पाठवलं, परदेशातल्या मुलांना पाठवलं, आणि कुठून कुठून वाचक आले.

सहाव्या लेखाखाली 'परखड' आला. त्या नावाआड कोण होतं ते कळायला मार्ग नव्हता. त्यानं एकच ओळ लिहिली होती : 'मराठी भाषेचा हा खून कोणी थांबवेल काय?'

निमाताईंनी दुसऱ्या दिवशी त्याखाली लिहिलं : 'आदरणीय परखडजी, खबर दिल्याबद्दल आभार. लगेच ओमतीच्या ठाण्यात गेले. दरोगासाहेब म्हणाले, लाश कुठं आहे? मी त्यांना लेख दाखवला. त्यांनी नीट पाहिलं आणि म्हणाले, मॅडम, ये तो अभी साँस ले रही है.'

तिथून ते सुरू झालं. परखडनं लिहिलं, 'लेखात शुद्धलेखनाच्या सतरा चुका आहेत.' निमाताईंनी कळवलं, 'मी अठरा केल्या होत्या. एक हरवलेली दिसते. कृपया पुन्हा वाचून शोधून द्यावी.' परखड म्हणाला, 'या लेखात एकही विचार नाही.' उत्तर आलं, 'एक होता. लिहिता लिहिता कुकरची तिसरी शिटी झाली, मी उठले, तेवढ्यात तो निघून गेला. आपल्याकडे आला असल्यास ठेवून घ्यावा. आपल्याकडे जागा दिसते.'

मंडळात गणपतीच्या आरतीला जमलेले लोक आधी एकमेकांना विचारायचे, "परखडनं नवीन काही लिहिलं का?" लेखापेक्षा लेखाखालचं जास्त वाचलं जायचं. परखड पुण्याचा कोणी निवृत्त प्राध्यापक असावा, असा सगळ्यांचा अंदाज होता. निमाताई म्हणायच्या, "मधुमेह असंल बिचाऱ्याले. गोड काही जमूनच नाही राहिलं."

मी त्यांच्या घरी जायची, म्हणून मला ती उत्तरं कशी तयार होतात ते माहीत होतं. जुन्या परीक्षांच्या उरलेल्या कागदांच्या मागच्या बाजूला त्या पेन्सिलीनं लिहायच्या. एकेका उत्तराचे पाच-सहा कागद व्हायचे. पहिल्या कागदावर राग असायचा, सरळ सरळ, दात-ओठ खाऊन लिहिलेला. मग तो खोडत खोडत कमी व्हायचा. शेवटच्या कागदावर हसू तेवढं उरायचं. आधीचे कागद त्या बारीक फाडून टाकायच्या. एकदा फाडण्याआधी मी एक वाचला. त्यावर एवढंच होतं : 'मी तुमचं काय बिघडवलं?'

त्या वर्षी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मला सुधाताईंनी बोलावलं. मंडळाच्या कार्यक्रमाची पत्रिका त्यांच्या कॉम्प्युटरवर टाइप केलेली होती, पण छापून येत नव्हती. मला त्यातलं थोडंफार कळतं. दीक्षितपुऱ्यातल्या त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत मी खुर्चीत बसले, पत्रिका शोधायला म्हणून कॉम्प्युटरच्या पडद्यावर खाली दडवलेली एक खिडकी उघडली. ती निमाताईंच्या ब्लॉगची निघाली. ताज्या लेखाखाली अर्धं वाक्य लिहून ठेवलेलं होतं : 'लेखिकेला विनोद आणि वात्रटपणा यांतला'. वर नाव होतं, परखड.

मी ती खिडकी बंद करेपर्यंत सुधाताई फराळाची बशी घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"चिवडा घे, शोभा," त्या म्हणाल्या. "यंदा जरा खारट झालाय."

"नाही, ठीक आहे की," मी म्हणाले.

पत्रिका छापून दिली आणि मी घरी आले. त्या प्रकाराबद्दल तेव्हा एवढंच बोलणं झालं. दुसऱ्या दिवशी ते वाक्य पुरं होऊन ब्लॉगवर आलं. मी गप्प बसणार, हे सुधाताई धरूनच चालल्या होत्या.

आणि मी गप्प बसले. का बसले, ते मी स्वतःला पुष्कळदा वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगितलं आहे. तिघींचं मोडेल. निमाताईंना सोसणार नाही. सुधाताई आपणच थांबतील. हे सगळं खरं होतं. पण त्याच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, तीही सांगते. मला ती उत्तरं आवडायची. परखड थांबला असता, तर निमाताईंची उत्तरंही थांबली असती. साऱ्या गावाबरोबर मीही त्यांची वाट पाहायची.

संक्रांतीला आम्ही तिघी निमाताईंकडे तिळगूळ खायला बसलो होतो. हसणं-बोलणं चाललं होतं. मध्येच निमाताईंनी विचारलं, "सुधे, खरं सांग. माझ्या लिहिण्यात काहीच विचार नसतो का गं? तो म्हणते तसं?"

सुधाताई तिळाच्या लाडवाकडे पाहत म्हणाल्या, "तू लक्ष देऊ नकोस. असल्या लोकांना कामधंदा नसतो."

"तुला काय वाटते, शोभा?"

"चांगलं लिहिता तुम्ही," मी म्हणाले. माझी मान खाली होती. त्यांना वाटलं असेल, मी लाडू फोडते आहे.

निमाताईंचे यजमान जाऊन तोवर तीन वर्षं झाली होती. काकांबद्दल त्यांनी कधी काही लिहिलं नव्हतं. त्याला कारण होतं, आणि ते आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. फार वर्षांपूर्वी, काका असतानाच, शाळेच्या मागच्या पायरीवर बसून त्यांनी आम्हाला सांगितलं होतं, की घरात त्या दोघांची जेवणं वेगळी होतात. ते आधी जेवून उठतात, मग त्या बसतात. कारण त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. सांगता सांगता त्यांनी मध्येच काहीतरी विनोद करायचा प्रयत्न केला होता, तो अर्ध्यावर राहिला आणि सुधाताईंनी त्यांना जवळ घेतलं होतं. ते तसंच अकरा वर्षं चाललं, काका जाईपर्यंत.

त्या उन्हाळ्यात निमाताईंनी काकांवर लेख लिहिला. काका रेडिओ दुरुस्त करायचे. दर वेळी रेडिओ पुन्हा जोडून झाला, की चार-पाच स्क्रू उरायचे, आणि तरी तो वाजायचा. काका ते स्क्रू एका डबीत ठेवायचे. 'डबी आता भरली आहे,' असं त्यांनी लिहिलं होतं. 'रेडिओ अजून वाजतो. हे सगळे स्क्रू कुठं बसायचे होते, ते विचारायचं राहून गेलं.' मी तो लेख तीनदा वाचला. त्यात मोठ्यानं हसायच्या जागा होत्या आणि मी एकीकडे डोळे पुसत होते.

दुसऱ्या दिवशी परखडची टिप्पणी आली : 'नवरा गेल्यावर बाईंना प्रेमाचे उमाळे फुटलेले दिसतात. जिनं अकरा वर्षं नवऱ्याच्या शेजारी ताट घेतलं नाही, तिनं संसारावर लिहावं हा खरा विनोद.'

चार दिवस ब्लॉगवर काही आलं नाही. मी रोज दहादा उघडून पाहत होते. पाचव्या दिवशी सकाळी निमाताईंचं उत्तर होतं :

'आदरणीय परखडजी, ताट घेतलं नाही हे खरं आहे. त्यांना जेवताना पेपर लागायचा आणि मला बोलायला माणूस लागायचं. दोन्ही एका टेबलावर मावलं नाही. ही गोष्ट मी जगात दोघींनाच सांगितलेली आहे. तेव्हा यापुढे आपल्याला परखडजी म्हणायचं की अगं परखडे म्हणायचं, तेवढं कळवावं.'

खाली लोक खूश झाले होते. 'वा ताई, काय टोला!' 'परखडची परखडी झाली!' अमेरिकेतून कोणीतरी नुसतं 'हाहाहा' लिहिलं होतं, तीन ओळी भरून. मला मात्र हातातला चहा खाली ठेवावा लागला.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या माझ्या घरी आल्या. बाहेर ऊन रणरणत होतं. मी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं. कूलरसमोर बसल्या. चष्मा काढला नाही, पुसला नाही.

"शोभा," त्या म्हणाल्या, "तू का सुधा?"

"मी नाही, निमाताई."

"म्हणजे सुधा."

 त्या पेल्याकडे पाहत होत्या. मला वाटलं, आता रडतील. मग त्यांनी मान वर केली.

"तुला आश्चर्य नाही वाटलं," त्या हळूच म्हणाल्या. "मी सुधाचं नाव घेतलं आणि तुला आश्चर्य नाही वाटलं. केव्हापासून माहीत आहे तुले?"

खोटं बोलता आलं असतं. तोंडात आलंही होतं. पण सत्तावीस वर्षं ज्यांच्या डब्यातलं खाल्लं, त्यांच्या डोळ्यांसमोर ते जमलं नाही.

"दिवाळीपासून."

त्यांनी बोटांवर महिने मोजले. कार्तिक, मार्गशीर्ष, पौष... पौषावर त्यांचं बोट थांबलं. तिळगुळाचा दिवस त्यांना आठवला असावा.

"मी तुम्हाला सांगणारच होते. पण मला वाटलं—"

"तिनं निदान लिहिलं तरी," निमाताई म्हणाल्या. "तू तर नुसती वाचून राहिली होती."

मग त्या उठल्या आणि दाराशी जाऊन चपला घालत म्हणाल्या, "चल. तूही चल."

आम्ही ऑटोनं दीक्षितपुऱ्यात गेलो.  ऑटोवाल्यानं गल्लीच्या तोंडाशी उतरवलं, तेव्हा सवयीनं त्याला "भैया, पानी पीते रहना, बहुत धूप है" म्हणाल्या.

सुधाताईंनी दार उघडलं आणि आम्हा दोघींना एकत्र पाहून त्या बाजूला झाल्या. बसा म्हणाल्या नाहीत. आम्ही बसलो.

"आधी मराठी सुधारावं म्हणून लिहिलं," सुधाताई आपणहून म्हणाल्या.

"ते तर तू तोंडावर सांगत होती. सत्तावीस वर्षं. मी ऐकत नव्हते का?"

"नव्हतीस. हसण्यावारी न्यायचीस. मी बोलले की तुझं उत्तर तयार, आणि सगळा स्टाफ हसायचा. मला कधी तू दोन मिनिटं विचार करून उत्तर दिलं नाहीस, निमे. परखडला देत होतीस. चार-चार दिवस घेऊन. नीट, त्याचं म्हणणं समजून घेऊन." सुधाताईंचा आवाज चिरकायला लागला होता. "मला वाट पाहायची सवय लागली त्याची."

 मला वाटलं, निमाताईंना हे पटलं आहे. बहुधा थोडं पटलंही असावं.

"आणि ताटाचं?" त्यांनी विचारलं. "ते काहून लिहिलं?"

सुधाताई खिडकीकडे वळल्या. खाली कुल्फीवाल्याची घंटा वाजत होती, ती लांब जाईपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या.

"तो लेख फार चांगला होता," त्या म्हणाल्या.

"मग हे लिहायचं होतं तिथं."

"नाही लिहवलं."

निमाताई उठल्या. जिन्यावरून उतरताना त्यांनी कठडा घट्ट धरला होता. मी हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही. गल्लीच्या तोंडाशी पोचल्यावर त्यांनी आपल्यासाठी ऑटो थांबवला, एकट्याच बसल्या. मी उन्हात उभी राहिले. मला दुखवायचं म्हणून त्यांनी तसं केलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. मी त्यांच्यासोबत आहे, हेच त्यांच्या लक्षात राहिलं नसावं.

त्यानंतर ब्लॉगवर लेख आला नाही. परखडही आला नाही. मंडळात लोकांनी विचारलं, तर त्या म्हणायच्या, "त्याचं समाधान झालं, आपलं काम संपलं," आणि लोक हसायचे. कोणालाही काही कळलं नाही. सुधाताईंचं नाव त्यांनी कोणाजवळ काढलं नाही, माझंही नाही. एवढ्या मोठ्या गावात आम्हा तिघींखेरीज हे कोणाला माहीत नव्हतं, आणि आता आम्ही तिघी एकत्र बसत नव्हतो. वर्षभरानं सुधाताई मुलाकडे पुण्याला गेल्या त्या गेल्याच.

मी निमाताईंकडे दोनदा गेले. दोन्ही वेळा त्यांनी चहा केला, माझ्या मुलीच्या परीक्षेची चौकशी केली, दारापर्यंत पोचवायला आल्या. तिसऱ्यांदा जाण्याचं बळ मला आलं नाही. मग एक दिवस ब्लॉग उघडून, काकांवरच्या त्या लेखाखाली, इतक्या हसणाऱ्या लोकांच्या शेवटी, मी माझ्या खऱ्या नावानं लिहिलं : 'निमाताई, मी चुकले. शोभा.' काही दिवसांनी कोण्या अनोळखी वाचकानं त्याखाली विचारलं, 'काय झालं?' त्याखाली काही नाही. ज्या बाईनं परखडच्या एकेका ओळीला उत्तर दिलं, तिनं त्या ओळीला दिलं नाही. त्यांनी ती वाचली की नाही, तेही मला माहीत नाही. मी अजून मधूनमधून पाहते.

त्यांना शेवटचं पाहिलं ते बडा फुहाऱ्याच्या बाजारात. लग्नसराईचे दिवस होते, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. एका कापडाच्या दुकानात गादीवर बसून त्या ब्लाउजचं कापड पाहत होत्या. वजन बरंच उतरलं होतं, केस पार पांढरे झाले होते. दुकानदार थानावर थान उलगडत होता. मी पायरीशी थबकले, तेवढ्यात त्यांनी मला पाहिलं.

"अरे, शोभा," त्या म्हणाल्या. "बरी आहेस ना?"

"हो, निमाताई. तुम्ही?"

"ठीक. गुडघे दुखतात जरा. मुलगी कुठं असते आता?"

"इंदूरला."

"चांगलं आहे. पुढच्या गल्लीतून जाऊ नको, खोदून ठेवलं आहे. या बाजूनं जा."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. अजून काही येईल, त्या खोदलेल्या गल्लीवर तरी काही म्हणतील, असं मला वाटत होतं. पूर्वी इतक्या वर्षांत माझ्याशी सरळ चार वाक्यं त्या कधी बोलल्याच नव्हत्या. पण त्या मान हलवून, प्रेमानंच म्हणायला हवं, "चल मग, सांभाळून जा," म्हणाल्या आणि कापडाकडे वळल्या.

मी सांगितलेल्या बाजूनं निघाले. दहा पावलं गेले असेन, तर मागून दुकानात एकदम हशा उठला. दुकानदार, त्याचे दोन्ही नोकर आणि शेजारी बसलेल्या बायका, सगळेच पोट धरून हसत होते. काय बोलल्या त्या, ते मला एवढ्या गर्दीत ऐकू आलं नाही.